दारात गाडी थांबली की छातीत धडधड का होते?

मैत्रिणींनो, मुकुंदवाडीच्या मिटिंगमध्ये एका ताईंनी विचारलं, "मागचा हप्ता फिटला, तरी दारात गाडी थांबली की काळीज धडधडतं. मी येडी झाले का?" सगळ्या हसल्या, पण नंतर चार जणी म्हणाल्या, "मला पण होतं." म्हणून या अंकात हेच.

येडं कुणी झालेलं नाही. मेंदूत खोल, दोन्ही बाजूंना बदामाएवढा एकेक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. त्याचं काम राखणदाराचं. शेतात दोरी दिसली तरी पाय आधी मागं येतो, साप नाही हे नंतर कळतं, ते याच्यामुळं. काळीज धडधडणं, हाताला घाम येणं ही त्याचीच तयारी. तोलून विचार करायचं काम कपाळामागच्या भागाचं, पण तो सावकाश चालतो. म्हणून भांडणात नको ते तोंडातून जातं आणि खरं उत्तर तासाभरानं सुचतं.

मोठा धक्का बसला की हा राखणदार त्या वेळचा आवाज, वास, जागा सगळं धोक्याच्या खात्यात लिहून ठेवतो. आपल्या मराठवाड्यातलं उदाहरण किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या, हजारो माणसं गेली. त्यानंतर कितीतरी लोक घरात झोपायला धजेनात. आसरा द्यायचं ते घरच मेंदूनं धोका ठरवलं होतं. "झालं गेलं विसरा" म्हणून ते जात नसतं.

तिथं ५२ गावं नव्या जागी वसवली. बाकी गावांत घरं दुरुस्त करताना 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेनं गावातल्याच बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढं आणलं. ते काही मानसोपचाराचं काम नव्हतं. पण भिंत पक्की कशी होते हे स्वतः बघितलं, चौघींत बोललं, की भीती उतरायला मदत होते असं मला वाटतं. कारण मेंदू जुनी आठवण पुसत नाही, तिच्या शेजारी नवी बसवतो. त्याला वेळ लागतो.

२००७ साली अमेरिकेत मॅथ्यू लिबरमन यांनी लोकांना रागावलेले, भेदरलेले चेहरे दाखवून मशीनमधून मेंदू पाहिला. भावनेला नाव दिलं की अमिग्डालाची धावपळ कमी होत होती. आपल्या आज्या जात्यावर मनातलं बोलायच्या, त्यांना मशीन लागलं नाही! तेव्हा धडधड झाली की स्वतःशीच म्हणा, "ही भीती आहे, हप्त्याची आहे." श्वास घेताना लागतो त्यापेक्षा सोडताना जास्त वेळ लावा. पाच-सात वेळा केलं की ठोके हळू पडतात.

पण एक सांगते. प्रत्येक भीती जुनी नसते. मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्यानं सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करू नये, शिवीगाळ, धमकी करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. तसं होत असेल तर गटाला सांगा. घरात मारहाण होत असेल तर राखणदार बरोबरच ओरडतोय. तिथं श्वास मोजत बसू नका, १८१ ला फोन लावा.

दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगू नये वाटतं, असं असेल तर घाटी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. एकटीला जायला अवघड वाटत असेल तर मला सांगा, मी सोबत येते.