थायोफ्लेविन-टीचे अनुस्फुरण : एक सावधगिरी

ऊतकांतील अमिलॉइड ओळखण्यासाठी थायोफ्लेविन-टी हे रंजक व्हॅसर व कलिंग यांनी १९५९ साली वापरले. अल्झायमर रोगात मेंदूत साचणारे प्रथिन-तंतूही त्याने उजळतात. द्रावणात मुक्त असता या रेणूचे दोन भाग त्यांना जोडणाऱ्या बंधाभोवती फिरतात व शोषलेली ऊर्जा त्या भ्रमणातच विरते. तंतूच्या पृष्ठावरील खाचेत रेणू अडकला की भ्रमण थांबते आणि सुमारे ४८५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो.

तथापि प्रकाश मंदावला म्हणजे तंतू घटले, हे अनुमान धोक्याचे होय. हळदीतील कर्क्युमिन उत्तेजक प्रकाश स्वतःच शोषते आणि तंतूंनाही चिकटते. त्यामुळे तंतू कायम असूनही रंजकाचे अनुस्फुरण घटते. म्हणून एखादे द्रव्य तंतुरोधक ठरविण्यापूर्वी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तंतू प्रत्यक्ष पाहणे अगत्याचे आहे.