घरचा जुना संगणक बंद पडला, तर?

२००१ साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत आपल्या नांदेड-लातूरकडच्या पुष्कळ घरांत संगणक आला. कुणी मुलांच्या शिक्षणासाठी घेतला, कुणी दुकानाच्या हिशेबासाठी. मग त्यात लग्नाचे फोटो साठले, शेताच्या वाटणीचे कागद टाईप झाले, टेपवरचा आजीचा आवाजही त्यातच जाऊन बसला. आणि एके दिवशी बटण दाबलं, तर पडदा काळाच! अशा वेळी काय करावे, याचा आज आपण थोडा विचार करू.

पहिली गोष्ट ही, की संगणक बंद पडणे आणि त्यातला ऐवज नाहीसा होणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ऐवज राहतो तो हार्ड डिस्क नावाच्या एका चपट्या डबीत. बाकीचे यंत्र बाजारात पुन्हा मिळेल; डबीतले फोटो मिळणार नाहीत. म्हणून 'दुरुस्त करावा की नवा घ्यावा?' हा प्रश्न दुसरा. आधी घरातल्या सर्वांना विचारा: यात असे काय आहे, जे दुसरीकडे कुठेच नाही?

आता दुखणे कुठे आहे ते पाहू. पंखा फिरत नाही, दिवाही लागत नाही, तर आधी भिंतीतला सॉकेट आणि वायर तपासा. ते ठीक असेल, तर बहुधा वीज पुरवणारा आतला डबा, म्हणजे एसएमपीएस, गेलेला असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, विजेचा दाब वरखाली होतो, आत धूळ बसते. या तिन्हींचा मार त्याला बसतो. तो बदलता येतो. मात्र तो डबा घरी उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात विजेचा साठा काही काळ राहतो. यंत्र सुरू होताना 'बीप बीप' करीत असेल, तर रॅमची पट्टी सैल झालेली किंवा मळलेली असू शकते. दर वेळी तारीख चुकत असेल, तर आतला सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला असे समजा. तो ३ व्होल्टचा असतो आणि स्वस्तात मिळतो.

पण डबीतून 'टक् टक्' असा आवाज येऊ लागला, तर मात्र यंत्र ताबडतोब बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह टाळा. आत वेगाने फिरणारी तबकडी असते आणि तिच्या अगदी लगत वाचणारी सुई असते. दर खेपेला नुकसान वाढते. असे काम जाणत्या माणसाकडेच सोपवावे.

डबी शाबूत असेल, तर काम सोपे आहे. ती काढून यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावता येते आणि सारे उतरवून घेता येते. दुरुस्तीवाला म्हणेल, "फॉरमॅट मारू, सगळं ठीक होईल." त्याला स्पष्ट सांगा, की आधी नक्कल, मग फॉरमॅट. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे.

इथे मराठी घरांची एक खास अडचण आहे. जुना मजकूर पुष्कळदा श्रीलिपी, आकृती अशा टंकांत, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने टाईप केलेला असतो. तो टंक नव्या यंत्रावर नसेल, तर वाटणीपत्राच्या जागी चित्रविचित्र अक्षरे दिसतात. म्हणून कागदांबरोबर फॉन्ट्सचा फोल्डरही उतरवून घ्या.

एवढे झाले की मग खर्चाचा विचार करा. सेल, रॅम, एसएमपीएस यांसाठी नवा संगणक घेण्याचे कारण नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर जुने यंत्रही चपळ होते. मदरबोर्ड गेला असेल, तर मात्र जुन्या मापाचे भाग शोधत पैसे घालवू नयेत. आणखी एक ध्यानात ठेवा. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षादुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांवर रीतसर चढत नाही. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत. लिहिण्या-वाचण्यासाठी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून ते चालवता येईल.

टाकायचेच ठरले, तर भंगारात टाकू नका. जुन्या फुगीर पडद्याच्या काचेत शिसे असते, आणि तांब्यासाठी वायरी जाळल्या की विषारी धूर होतो. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच यंत्र द्यावे. त्याआधी डबी काढून घ्यावी किंवा पूर्ण पुसावी.

शेवटी एकच सांगणे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात घरांबरोबर घरातले कागदही मातीखाली गेले. आज नक्कल करणे किती सोपे झाले आहे! एक प्रत नांदेडला तुमच्याकडे ठेवा, दुसरी लातूरला बहिणीकडे द्या. आणि संगणक धडधाकट आहे, तोवरच हे करा.