सायकलची साखळी बदलताना

मुलांनो, तुमच्यापैकी बरेच जण सायकलवरून शाळेत येत असतील. चाकातील हवा गेली तर लगेच कळते. ब्रेक लागत नसेल तर भीती वाटते आणि आपण दुरुस्तीवाल्याकडे धावतो. साखळीकडे मात्र ती तुटेपर्यंत कोणी पाहत नाही. मीही पाहत नव्हतो.

आपण घरी उर्दूत जिला जंजीर म्हणतो, तिला मराठीत साखळी म्हणतात. दुकानात मात्र तुम्हांला ‘चेन’ हाच शब्द ऐकू येईल. (मुरुडजवळच्या जंजिरा किल्ल्याचा आपल्या जंजीरशी काही संबंध नाही, बरे का! तो शब्द ‘जजीरा’ म्हणजे बेट यावरून आला आहे.) उर्दूतील दंदाने म्हणजे मराठीतील दाते. पेडलजवळचे मोठे दातेरी चक्र आणि मागच्या चाकावरचे लहान चक्र यांना साखळी जोडते. मागच्या चक्राला दुकानात ‘फ्रीव्हील’ म्हणतात. पाय थांबले तरी चाक फिरत राहते, ते या फ्रीव्हीलमुळे.

माझ्याकडे एक जुनी, शर्यतीच्या घडणीची सायकल आहे. तिला पुढे दोन आणि मागे सात दातेरी चक्रे आहेत. एकदा तिची साखळी फार कुरकुरू लागली, म्हणून मी नवी साखळी आणून घरीच बसवली. काम स्वतः केल्याचा मला मोठा आनंद झाला. पुढच्या रविवारी मी दौलताबादहून खुलताबादकडे निघालो. किल्ला मागे पडला की घाट लागतो. चढावर मी सीटवरून उठून पेडलवर सगळे वजन टाकले आणि त्याच क्षणी साखळी दात्यांवरून खाड्कन घसरली. पायाखालचे पेडल एकदम मोकळे झाले आणि मी रस्त्यावर आपटलो. मागून येणाऱ्या जीपवाल्याने वेळेवर ब्रेक लावला म्हणून गुडघा खरचटण्यावर निभावले.

मला वाटले, नवी साखळीच खराब निघाली. सायकल ढकलत आणली आणि ओळखीच्या सायकलवाल्या चाचांना दाखवली. त्यांनी साखळीला हातही लावला नाही. मागच्या चक्राकडे बोट दाखवून ते म्हणाले, “सर, साखळी चांगली आहे. हे दाते बघा.” मी पाहिले. दाते सरळ राहिले नव्हते. झिजून ते एका बाजूला वाकल्यासारखे, अणकुचीदार झाले होते.

असे का झाले, ते समजून घेऊ. साखळीच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर ठरलेले असते. ते अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. दात्यांमधील खाचाही त्याच मापाच्या असतात, म्हणून प्रत्येक रोलर आपापल्या खाचेत नेमका बसतो. साखळी वापरली की पिना आणि त्यांच्याभोवतीची भोके घासून झिजतात. धूळ आणि तेल मिळून जो काळा चिखल होतो, तो कानशीसारखे काम करतो. प्रत्येक पिनेपाशी केसाएवढी जागा वाढते आणि शंभराहून अधिक पिनांची मिळून साखळी लांब होते. ‘चेन ताणली गेली’ असे लोक म्हणतात, परंतु लोखंड ताणले गेलेले नसते, ते झिजलेले असते. अशी लांबलेली साखळी दात्यांच्या वरच्या भागावर चढून चालते आणि दात्यांना आपल्याच मापाने झिजवते. जुनी साखळी आणि जुने दाते यांचे मग जमून जाते. त्यावर अचूक मापाची नवी साखळी घातली, की ती नीट बसत नाही. थोडा जोर पडला की घसरते.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी मापून पाहा. बारा इंची पट्टी येथे अपुरी पडते, कारण झिजलेल्या साखळीची पिन तिच्या बाहेर जाते. सुताराचा पोलादी टेप घ्या. साखळी सायकलवरच असू द्या आणि पेडल हलके दाबून ती ताठ धरा. एका पिनेच्या मध्यावर टेपची खूण धरा आणि पुढे २४ अंतरे मोजा. नव्या साखळीत हे माप बारा इंच, म्हणजे जवळजवळ ३०५ मिलिमीटर भरते. ते ३०६ आणि ३०७ यांच्या मध्ये गेले असेल तर साखळी बदलावी. अशा वेळी फ्रीव्हील बहुधा वाचते. ३०८ झाले असेल तर फ्रीव्हीलही बदलावे लागते. माझ्या जुन्या साखळीचे माप ३०९ होते. म्हणजे दीड-दोन मिलिमीटरकडे वेळेवर लक्ष न दिल्यामुळे मला दुप्पट खर्च आला आणि गुडघा फुटला तो वेगळाच.

हे साधे यंत्र फार जुने नाही. सुरुवातीच्या उंच सायकलींना साखळी नव्हतीच. पेडल थेट पुढच्या चाकाला असे. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, म्हणून वेग हवा असेल तर चाकच प्रचंड करावे लागे. मूळचा स्वित्झर्लंडचा हान्स रेनॉल्ड इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात कारखाना चालवत असे. त्याने १८८० मध्ये रोलरची साखळी तयार केली. १८८५ मध्ये कॉव्हेंट्री येथील जॉन केंप स्टार्ली याने ‘रोव्हर’ नावाची सायकल बनवली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती आणि मागचे चाक साखळीने फिरत होते. आता वेगासाठी मोठे चाक नको होते, दात्यांचा हिशेब पुरेसा होता.

तो हिशेब तुम्हीही करू शकता. पुढच्या चक्राच्या दात्यांना मागच्या चक्राच्या दात्यांनी भागा. पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरते, ते मिळते. त्याला चाकाच्या घेराने गुणले की एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते, ते कळते. माझ्या चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर आहे. चढावर मी पुढे ४२ आणि मागे २४ दात्यांचे चक्र वापरत असे. ४२ भागिले २४ म्हणजे १.७५, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे ३.६८ मीटर. फ्रीव्हील बदलायचेच होते, तेव्हा मी २८ दात्यांपर्यंतचे घेतले. आता ४२ भागिले २८ म्हणजे १.५, म्हणजे ३.१५ मीटर. पायाला लागणारा जोर सातव्या हिश्श्याने कमी झाला.

हे फुकट मिळाले असे समजू नका. पूर्वी जेवढे अंतर सहा फेऱ्यांत जात होतो, त्याला आता सात फेरे लागतात. शिवाय जुन्या फ्रीव्हीलचे सर्वांत लहान चक्र १३ दात्यांचे होते, नव्याचे १४ दात्यांचे आहे. पुढच्या ५२ दात्यांबरोबर पूर्वी एका फेऱ्यात ८.४ मीटर जात असे, आता ७.८ मीटर जातो. मला त्याचे दुःख नाही. उतारावर सायकल आपोआपच धावते, माझी अडचण चढाची होती. तुमची सायकल साधी, एकाच चक्राची असेल तरी हाच हिशेब लागू पडतो. मागचे १८ दात्यांचे चक्र काढून २० दात्यांचे बसवले तर ओझे घेऊन जाणे सोपे होते, पण सपाट रस्त्यावर पाय जास्त वेळा फिरवावे लागतात. दुकानदार ‘भारी’ माल दाखवील, पण आधी आपला रस्ता कसा आहे ते आठवा.

गिअरची सायकल आज आपल्याला नेहमीची वाटते. फ्रान्समधील ‘तूर द फ्रान्स’ या प्रसिद्ध शर्यतीत मात्र साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकवणारे साधन १९३७ पर्यंत स्पर्धकांना वापरू देत नसत. त्यापूर्वी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे असत. डोंगराच्या पायथ्याशी स्पर्धक खाली उतरत, चाक काढून उलटे बसवत आणि मग चढू लागत!

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिल्यांदा हे काम करताना घरातील मोठ्या माणसाला जवळ बसवा. एक गोष्ट मी फार आग्रहाने सांगतो. सायकल उलटी ठेवून पेडल फिरवत असताना फडक्याने साखळी पुसू नका. फडके साखळीत अडकते आणि त्यामागोमाग बोटे चक्रात ओढली जातात. ओढणी आणि सैल बाह्या आधी नीट आवरून घ्या. साखळी रॉकेलने किंवा डिझेलने धुणार असाल, तर उघड्या हवेत आणि चुलीपासून दूर बसा.

साखळी तोडायला हातोडा आणि खिळा वापरू नये. त्यासाठी पिन ढकलणारे लहान हत्यार मिळते, त्याला ‘चेन कटर’ म्हणतात. साखळी काढून झाली की मागचे चाक काढा. फ्रीव्हील काढणे हे या कामातील सर्वांत अवघड पाऊल आहे. ते चाकाच्या मध्यावर आट्यांनी बसवलेले असते आणि आपण मारलेला प्रत्येक पेडल त्याला आणखी घट्ट करतो. मी बळजबरीने पाना फिरवला तेव्हा तो निसटून माझ्या हाताची साल निघाली. चाचांनी सोपी युक्ती दाखवली. फ्रीव्हील काढण्याचे खाचांचे हत्यार वेगळे मिळते. ते फ्रीव्हीलच्या खाचांत बसवून, निसटू नये म्हणून आसाच्या नटाने हलके आवळायचे. मग हत्यार खाली येईल असे चाक आडवे धरून ते लोहाराच्या शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, पक्के अडकवायचे आणि दोन्ही हातांनी संपूर्ण चाकच बसच्या स्टिअरिंगसारखे डावीकडे फिरवायचे. फ्रीव्हील सुटले की नट लगेच सैल करायचा.

नवे फ्रीव्हील बसवण्यापूर्वी आट्या पुसून त्यांना ग्रीस लावा आणि सुरुवातीचे फेरे फक्त बोटांनी द्या. तिरके जाते आहे असे वाटले की उलटे फिरवून पुन्हा सुरुवात करा. चाकाच्या आट्या बिघडल्या तर गोष्ट महागात पडते. शेवटचे आवळण्याची चिंता नको, ते काम तुमचे पाय करतील.

नवी साखळी जुन्या साखळीएवढी मोजून कापायची, असे पुष्कळ जण सांगतात. मागचे मोठे चक्र बदलले असेल तर हे चुकते. गिअरच्या सायकलीत साखळी पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रांवरून, गिअर बदलणाऱ्या साधनातून न नेता, सरळ गुंडाळा. जेथे दोन टोके जुळतात, तेथून एक इंच जास्त ठेवून कापा. साध्या सायकलीच्या साखळीला स्प्रिंगच्या पत्तीचे कुलूप असते. त्या पत्तीचे बंद तोंड साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवे. उलटे बसवले तर पत्ती निघून पडू शकते.

गिअर बदलणाऱ्या साधनावर दोन बारीक स्क्रू असतात आणि त्यांच्याजवळ एच व एल ही अक्षरे असतात. एचचा स्क्रू साखळीला लहान चक्राच्या बाहेर पडू देत नाही आणि एलचा स्क्रू तिला मोठ्या चक्रापलीकडे, चाकाच्या तारांत जाऊ देत नाही. हा दुसरा स्क्रू फार जपून लावा. चालत्या सायकलीची साखळी तारांत गेली तर चाक जागच्या जागी अडकते. रस्त्यावर जाण्यापूर्वी सायकल टांगून, हाताने सावकाश पेडल फिरवत प्रत्येक गिअर तपासा. साखळी मोठ्या चक्रावर चढायला कुरकुर करत असेल, तर तारेच्या टोकाला असलेली फिरकी डावीकडे अर्धा फेरा फिरवून पाहा. पेडलच्या आसातील गोळ्या आणि वाट्या मात्र मी अजूनही चाचांकडेच सोपवतो. त्यांची हत्यारे महाग असतात आणि माझा हात तेवढा बसलेला नाही.

तेल घालताना प्रत्येक रोलरवर एकच थेंब टाकावा आणि थोड्या वेळाने बाहेरचे सगळे तेल पुसून काढावे. तेल आत हवे असते. बाहेर राहिलेले तेल फक्त धूळ गोळा करते.

फ्रीव्हील आणि साखळी दोन्ही बदलल्यावर मी पुन्हा त्याच घाटात गेलो. चढ सुरू झाला तेव्हा उठून उभे राहायची माझी हिंमत होईना. अर्धा घाट मी सीटवर बसूनच चढलो. शेवटच्या वळणावर मागे कोणी नाही असे पाहिले आणि पेडलवर उभा राहिलो. साखळीने आवाजसुद्धा केला नाही. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी टेप लावतो आणि माप वहीत तारखेसह लिहून ठेवतो. या महिन्याचे माप ३०५ आणि वर एक बारीकशी रेघ एवढे आहे.