बॉडी उचलली, पण बोल्टचं काय?

पावसाळा सरत आला की गगनबावडा, राधानगरी, चंदगड पट्ट्यातल्या जीपवाल्यांची एक चौकशी ठरलेली असते. गाडी चिखलात पोटावर बसते, पत्रा खालून खाल्ला गेलाय, मग बॉडी चासीवरनं इंच-दोन इंच वर घ्यावी का? विस्तार अधिकाऱ्यानं बी-बियाणं, खत आणि फवारणी एवढंच सांगावं असा कागदोपत्री नियम असेल. गावात मात्र पंपाच्या ग्लॅन्डपासून जीपच्या बॉडीपर्यंत सगळं त्यालाच विचारतात. विचारतात ते बरंच आहे, कारण या कामात पैसा पॅकिंगवर जातो आणि धोका बोल्टमध्ये राहतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बॉडी वर घेतल्यानं गाडीचं पोट वर जात नाही. जमिनीला पहिल्यांदा टेकतो तो मागचा डिफरन्शियल, आणि तो चाकांच्या मध्ये जागच्या जागीच राहतो. बॉडी आणि चासीच्या मध्ये पॅकिंग घातलं तर फक्त मडगार्ड आणि टायर यांच्यातली जागा वाढते, म्हणजे मोठा टायर बसवायला वाव मिळतो. टायर तेच ठेवून नुसती बॉडी उचलणारा माणूस चिखलात पूर्वीसारखाच रुततो.

खरी गरज असते ती वेगळीच. बॉडी आणि चासीच्या मधले रबर दहा-पंधरा वर्षांत चेपून जातात, फुटतात, बॉडी एका अंगाला बसते, दारं लागत नाहीत. तिथं नवीन जाड पॅकिंग बसवायचं तर जुने बोल्ट आखूड पडतात. ते बहुधा गंजलेलेही असतात आणि काढतानाच निम्मे तुटतात. मग बोल्ट शोधायची वेळ येते.

बोल्ट चारच अंगानं ओळखायचा असतो: जाडी, आटे, लांबी आणि कस. यातलं पहिलं आणि तिसरं आपण बघतो, दुसरं आणि चौथं दुकानदारावर सोडतो. सगळा घोटाळा तिथंच होतो.

इंची की मेट्रिक?

महिंद्राची जीप मूळची अमेरिकन विलीजची. १९४७ पासून तिचे सुटे भाग मुंबईत आणून जोडले जाऊ लागले, त्यामुळे जुन्या जीपची चासी-बॉडी इंची मापाची. पुढं याच गाड्यांत प्यूजोच्या नमुन्याचं डिझेल इंजिन बसलं, ते मेट्रिक. म्हणजे एकाच गाडीत दोन मापं. ट्रॅक्टरचंही तेच आहे. जुन्या मॅसी फर्ग्युसनला इंची आटे, जुन्या एच.एम.टी. झेटरला मेट्रिक. ज्याच्या गोठ्याशेजारी दोन्ही उभे आहेत, त्याच्या डब्यात सगळे बोल्ट एकत्र पडलेले असतात.

आता नीट लक्ष द्या. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा बारीक आट्याचा बोल्ट आणि १२ मिलिमीटरचा बारीक आट्याचा बोल्ट शेजारी ठेवा. दोघांच्या डोक्याला १९ नंबरचा पाना बसतो (नव्या धाटणीच्या काही १२ मिलिमीटर बोल्टना १८ चा लागतो). पहिल्याचे दहा आटे १२.७ मिलिमीटरमध्ये बसतात, दुसऱ्याचे १२.५ मध्ये. डोळ्याला फरक कळत नाही. पण पहिल्याची जाडी १२.७ मिलिमीटर, दुसऱ्याची १२. हा १२ चा बोल्ट इंची नटमध्ये हातानं सुद्धा सरसर जातो. माणूस म्हणतो, बसला बरं का! आट्याची नुसती टोकं एकमेकांना धरतात. पान्यानं आवळलं की थोडा वेळ घट्ट लागतो, मग एखाद्या खड्ड्यात आटे सोलवटून बोल्ट मोकळा. पाना बसला म्हणून बोल्ट बसला असं कधीच धरू नये.

उलट जाड आट्याच्या बोल्टमध्ये फरक चटकन दिसतो. १२ मिलिमीटर जाड आट्याचे दहा आटे साडेसतरा मिलिमीटर भरतात, अर्धा इंची अमेरिकन जाड आट्याचे साडेएकोणीस आणि विलायती व्हिटवर्थचे एकवीसच्या थोडे वर. शाळेच्या पट्टीनंही हे मोजता येतं. जाडी मात्र व्हर्नियरनंच मोजावी. तालुक्याच्या कुठल्याही लेथवाल्याकडं ते असतं आणि मोजून द्यायचे तो पैसे घेत नाही.

सोपा उपाय म्हणजे खात्रीचा बोल्ट जुन्या बोल्टला उभा लावून उजेडाकडं धरायचा. आट्यात आटा पुरा बसला आणि मधून उजेड आला नाही तर आट्याचं अंतर जुळलं. जाडी तरी वेगळी मोजावीच.

हे सगळं एवढं ताणायचं कारण असं की पुष्कळ गाड्यांत नट बदलता येत नाही. तो बॉडीच्या आत किंवा चासीच्या पेटीत वेल्ड केलेला असतो. नट जो आहे त्याच आट्याचा बोल्ट आणावा लागतो, आणि वर तो मूळच्यापेक्षा लांबही हवा. बारीक आटे आणि जास्त लांबी ही जोडी हार्डवेअरच्या दुकानात सहसा पडून नसते. म्हणूनच हे बोल्ट आडमापाचे.

डोक्यावरचे आकडे

बोल्टच्या डोक्यावर ८.८ असे आकडे असतात. पहिला आकडा शंभरनं गुणला की तुटायची ताकद मिळते: दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या आठ दशांश भाराला, म्हणजे ६४० ला, तो कायमचा ताणायला लागतो. साधा ४.६ चा बोल्ट २४० लाच ताणतो. इंची बोल्टवर आकड्याऐवजी रेघा असतात: तीन रेघा म्हणजे पाचवी प्रत, ती साधारण ८.८ च्या जवळची. सहा रेघा म्हणजे आठवी प्रत. डोकं कोरं असेल तर तो साधा लोखंडी बोल्ट समजावा, दुकानदार काहीही म्हणो.

ग्रामपंचायतीच्या टँकरचं किंवा घंटागाडीचं काम काढणाऱ्या ग्रामसेवकांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. दरपत्रकात नुसतं ‘नट-बोल्ट, नग १२’ लिहिलं की सगळ्यात स्वस्त तेच येतं. जाडी, आटे, लांबी आणि ‘८.८’ हे चारही लिहून मागावं, आणि माल आल्यावर सही करण्याआधी डोकी बघावीत.

लांबीचा हिशोब असा. मूळ बोल्ट ७५ मिलिमीटर आणि पॅकिंग २५ ची भर घालतंय, तर १०० झाले. एखादा जादा जाड वायसर घातला तर त्याची जाडी वेगळी धरायची. बाजारात १०० च्या पुढं ११० मिळतो, तो घेऊन शेपूट कापावं. पण कापायच्या आधी एक बघा: लांब बोल्टला आटे फक्त टोकाला असतात. १२ मिलिमीटर जाडीच्या १०० किंवा ११० लांबीच्या बोल्टला जेमतेम ३० मिलिमीटर आटे असतात. बिनआट्याचा भाग आवळायच्या थरापेक्षा लांब असला तर नट त्या जागी येऊन थांबतो. पाना जड होतो, आपल्याला वाटतं घट्ट झालं, आणि बॉडी आत ढिलीच असते. वेल्ड केलेल्या नटमध्ये बोल्ट निदान आपल्या जाडीइतका आत जायला पाहिजे, मोकळ्या नटच्या बाहेर निदान दोन आटे दिसले पाहिजेत.

जोड देऊ नये

दोन बोल्ट घेऊन मधे वेल्डिंग मारायचं आणि लांब बोल्ट तयार करायचा, ही आपल्याकडची फार जुनी युक्ती. ती विळ्याच्या मुठीला चालेल, इथं नाही. ८.८ चा बोल्ट कारखान्यात तापवून, विझवून, पुन्हा ठराविक आचेवर आणलेला असतो. त्याचा कस त्या उष्णतेच्या कामात आहे. वेल्डिंगची आच लागली की जोडाजवळचा भाग ठिसूळ होतो आणि त्याच्या पलीकडचा नरम. आमच्या तालुक्यात दुधाची किटल्या वाहणाऱ्या एका जीपचा असा बोल्ट तुटलेला पाहिला. जोड शाबूत होता, तुटला तो शेजारून, खडूसारखा सरळ. गाडी घाटात नव्हती म्हणून निभावलं. गॅसनं लाल करून बोल्ट ठोकून लांबवणं हाही त्यातलाच प्रकार. दुकानात मीटरवर मिळणारा आट्याचा रॉडसुद्धा बहुतेक साधा लोखंडी असतो, टोकाला ८.८ ची खूण असेल तरच विचार करावा.

मग मिळवायचा कुठं? पहिलं म्हणजे दुसऱ्या गाडीचा बोल्ट. ट्रकच्या आणि जपानी बनावटीच्या गाड्यांच्या सुट्या भागात बारीक आट्याचे लांब बोल्ट निघतात. नमुना घेऊन गेलं तर पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर शोध लागण्यासारखा असतो. ‘हायटेन्साइल पायजे’ एवढ्यावर भागवू नये, नमुना हातात द्यावा. दुसरं म्हणजे लांब ८.८ चा बोल्ट घेऊन त्यावर लेथनं आटे पुढं वाढवून घेणं. नुसती हाताची डाय फिरवली तर या पोलादावर ती लवकर बोथट होते आणि आटे फाटतात. मात्र हे फक्त त्याच जाडीच्या, त्याच आट्याच्या बोल्टवर होतं. जाड आट्यावर बारीक आटा पाडता येत नाही.

तिसरा मार्ग अख्खा बोल्ट कातून घेण्याचा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हे काम करणारे टर्नर आहेत आणि त्यांच्या हाताला तोड नाही. पण बोल्ट कशाचा कातायचा ते आपणच सांगायला हवं. शॉपमध्ये पडलेला ईएन-८ चा साधा गज काम न करता कातला तर ८.८ चा कस येत नाही. ईएन-१९ किंवा ईएन-२४ चा आधीच उष्णतेचं काम केलेला, म्हणजे ‘टी’ प्रतीचा गज मागावा. कातलेल्या आट्यापेक्षा कारखान्यात दाबून पाडलेले आटे थकव्याला जास्त टिकतात, म्हणून कातलेला बोल्ट हा शेवटचा मार्ग समजावा. डोक्याखालचा कोपरा काटकोनात न ठेवता थोडी गोलाई द्यायला सांगावी, भेग तिथूनच सुरू होते.

पॅकिंग अखंड आणि रुंद असावं. वायसरांची चळत किंवा लाकडाचा तुकडा नको. ट्रकच्या हौद्याखाली लाकडी पट्टी असते खरी, पण ती लांबच्या लांब असते आणि यू-बोल्टनं आवळलेली असते. अरुंद, दबणाऱ्या पॅकिंगवर बोल्ट जागच्या जागी वाकत राहतो, मग कितीही चांगला आणा. बॉडी वर गेल्यावर स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकची केबल, रेडिएटरचे पाईप आणि अर्थची वायर ताणली जातात. यातलं एकही ओढलेलं ठेवून गाडी रस्त्यावर काढू नये.

आणि कायद्याचं. रबर बदलून बॉडी मूळ उंचीला बसवणं ही दुरुस्ती आहे. बॉडी मूळच्यापेक्षा वर उचलणं हा गाडीतला बदल आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ नमुन्यापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. काम काढण्याआधी आर.टी.ओ. कार्यालयात लेखी विचारून घ्यावं. अपघात झाला तर विम्याचा प्रश्नही तिथूनच उभा राहतो.

गंजलेला बोल्ट काढताना घाई नको. आदल्या रात्री तारेच्या ब्रशनं आटे घासून डिझेल सोडून ठेवावं, सकाळी आधी थोडा आवळून मग सोडवावा. निघालेला प्रत्येक बोल्ट सुतळीला बांधून कुठल्या जागेचा ते चिठ्ठीवर लिहावं, कारण पुढच्या आणि मागच्या बोल्टची लांबी एक असेलच असं नाही. नवीन बोल्ट बसवताना रबर चेपून फुगेपर्यंत आवळू नये, नायलॉक नट वापरावा, आणि दोन-तीनशे किलोमीटर गाडी फिरल्यावर सगळे बोल्ट पुन्हा पान्याखाली घ्यावेत. नवं पॅकिंग तोवर थोडं बसलेलं असतं.