नांगराच्या फाळाचें बीड : भट्टी व थंडावा

बाजारांतून आणलेले दोन फाळ दिसण्यांत सारखे, वजनांत सारखे आणि किंमतींतही जवळजवळ सारखेच असतात. त्यांपैकीं एक हंगामभर टिकतो. दुसऱ्याची धार थोड्याच दिवसांत बोथट होते. आणि एखादा तिसरा पहिल्याच दगडाला लागून मोडतो. अशा वेळीं कोणी जमिनीस दोष देतो, कोणी नांगर धरणाऱ्या गड्यास, तर कोणी दुकानदारास. परंतु फाळाच्या टिकाऊपणाचें खरें कारण बहुधा ह्या तिघांकडेही नसतें. फाळ ज्या लोखंडाचा झाला तें लोखंड कशा भट्टींत वितळलें, आणि वितळल्यावर कोणत्या रीतीनें थंड झालें, ह्या दोन गोष्टींवर त्याचा गुण ठरतो. फाळ, पंपाचें कवच, उंसाच्या चरकाच्या लाटा अशा ओतीव वस्तूंत शेतकऱ्याचा बराच पैसा गुंतलेला असतो. यास्तव भट्टी व थंडावा ह्यांचें मर्म प्रत्येक शेतकऱ्यानें समजून घेणें अवश्य आहे.

लोखंडाच्या जाति :— लोखंडांत कर्ब किती आहे ह्यावरून त्याच्या मुख्य तीन जाति होतात. पूर्वीं लोहार ज्या पिटीव लोखंडाचें काम करीत असे, त्यांत कर्ब जवळजवळ नसतोच. म्हणून तें मऊ असतें, वाकतें, पण मोडत नाहीं. पोलादांत कर्ब शेंकडा १ भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. तें तापवून पाण्यांत बुडविलें असतां कठिण होतें, व ह्यासच आपण हत्याराला पाणी देणें म्हणतों. तिसरें बीड. ह्यांत कर्ब साधारणपणें शेंकडा ३ ते ३.५ असतो. शुद्ध लोखंड वितळण्यास १,५३८ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते, तर बीड सुमारें १,१५० ते १,२५० अंशांतच वितळतें. त्याचा रस पातळ होऊन साच्याच्या कोनाकोपऱ्यांत जातो व एकाच साच्याच्या शेंकडों वस्तु एकसारख्या निघतात. मात्र बीड ऐरणीवर घडवितां येत नाहीं. घण मारल्यास त्याचे तुकडे होतात. अर्थात् लोहाराला जें काम घणानें व पाण्यानें साधतें, तें बिडाच्या बाबतींत ओताऱ्यानें रस ओततांनाच साधून घ्यावें लागतें. एकदां चूक झाली म्हणजे ती मागाहून सुधारतां येत नाहीं.

थोडा पूर्वेतिहास :— बिडाचा फाळ प्रथम प्रचारांत आला तेव्हां त्याची धार लवकर झिजते ही मोठीच अडचण होती. इंग्लंडांतील इप्सविच येथील रॉबर्ट रॅन्सम ह्या ओताऱ्यानें १८०३ सालीं ह्यावर उपाय काढून त्याचें पेटंट घेतलें. फाळाची खालची बाजू ओततांनाच झटकन थंड करावयाची, म्हणजे ती अतिशय कठिण होते. वरची बाजू सावकाश थंड होऊन मऊ राहते. नांगर चालूं लागला कीं वरचा मऊ भाग आधीं झिजतो व खालचा कठिण थर पातळ धारेसारखा पुढें राहतो. अशा रीतीनें फाळ आपली धार आपणच राखतो. पुढें अमेरिकेंत साउथ बेंड गांवच्या जेम्स ऑलिव्हर ह्यानें १८५७ सालीं अशाच कामाचें पेटंट मिळविलें. रस थंड करणाऱ्या लोखंडी साच्यावर दंव धरल्यामुळें बिडांत पोकळ्या राहतात असें त्यास दिसून आलें. तेव्हां त्यानें साच्यांतून गरम पाणी खेळवून तो कोरडा व उबदार ठेवण्याची युक्ति योजिली.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनीं १९०३ सालीं बेळगांव येथें लोखंडी नांगर तयार केला, व १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवून तेथें हा धंदा वाढविला. लोखंडानें जमिनीस विष चढतें अशी समजूत त्या काळीं असल्यामुळें पहिले नांगर खपण्यास फार दिवस लागले. ती समजूत खोटी होती हें अनुभवानें ठरलें; परंतु फाळाचें लोखंड बरें कीं वाईट, हा प्रश्न मात्र अजूनही प्रत्येक खरेदीच्या वेळीं उभा राहतो.

भट्टीची रचना :— बीड वितळविण्याच्या जुन्या व सर्वत्र रूढ असलेल्या भट्टीस क्युपोला म्हणतात. पोलादी पत्र्याची उभी उंच नळी असून तिला आंतून अग्निरोधक विटांचें अस्तर असतें. गुऱ्हाळांत उंसाचा रस काहिलींत व जाळ खालीं चुलवाणांत अशी दोहोंची फारकत असते. क्युपोलांत तशी नसते. येथें तळाशीं कोकाचा जाड थर पेटवून त्यावर लोखंड, कोक व चुनखडी ह्यांचे थरावर थर रचितात. खालच्या बाजूस चोहोंकडून नळ्यांवाटे पंख्याचा जोराचा झोत सोडलेला असतो. लोहाराच्या भात्याचेंच हें मोठें रूप होय. चांगल्या चाललेल्या भट्टींत १ भाग कोकावर सुमारें ८ ते १० भाग लोखंड वितळतें. वितळलेला रस ठिबकत तळाशीं सांचतो. चुनखडी ही कोकाची राख व लोखंडाबरोबर आलेली माती ह्यांच्याशीं मिळून पातळ मळी बनविते. मळी हलकी असल्यानें रसावर तरंगते व वरच्या भोंकांतून निराळी काढितां येते. खालच्या भोंकांतून शुद्ध रस घेतात.

लोखंड व कोक एकमेकांस चिकटूनच असल्यामुळें कोकाचे गुणदोष लोखंडांत उतरतात. कोकांत गंधक अधिक असल्यास तो रसांत शिरतो व बीड ठिसूळ होतें. तसेंच ज्या मोडींतून रस करावयाचा ती निवडलेली नसेल, म्हणजे पत्रा, जुनें पोलाद, रंगवलेल्या वस्तु असें जें हातीं लागेल तें भट्टींत टाकिलें असेल, तर निघणाऱ्या रसाचा भरंवसा राहत नाहीं. स्वस्त फाळाची स्वस्ताई पुष्कळदां येथेंच असते.

सध्यां अनेक कारखान्यांत क्युपोलाऐवजीं विजेची भट्टी वापरतात. तिच्यांत तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यांतून विजेचा प्रवाह सोडून मधल्या भांड्यांतील लोखंड तापवितात. कोक नसल्यामुळें गंधकाची भीति उरत नाहीं व रसाचें प्रमाण नीट राखतां येतें. ह्या भट्टींत एक नवल असें, कीं लोखंड वितळविणारें वेटोळें स्वतः मात्र सारखें थंड ठेवावें लागतें. त्या नळीच्या पोकळींतून पाणी अखंड खेळत असतें. वीज गेली तरी पाणी थांबूं नये म्हणून उंचावर निराळी टांकी भरून ठेवितात. कारण पाणी बंद पडल्यास तांबें वितळेल, आणि नळी फुटून पाणी रसाखालीं शिरल्यास भयंकर स्फोट होईल.

ओतणें व पाण्याची भीति :— भट्टींतून काढलेला रस सुमारें १,४०० अंशांचा असतो. तो ज्या मोठ्या पळींतून साच्याकडे नेतात तिला आंतून अग्निरोधक मातीचा लेप देऊन आधीं चांगली तापवून घ्यावी लागते. ओलसर पळींत रस ओतला तर ओलाव्याची एकदम वाफ होते. पाण्याची वाफ मूळ पाण्याच्या सोळाशें-सतराशें पट जागा व्यापते. तिला वाट न मिळाल्यास ती रस चोहोंकडे उडविते. ह्याच कारणास्तव ओतशाळेंत जमिनीवर पाणी सांडूं देत नाहींत.

साचे बहुधा वाळूचे असतात. वाळूंत चिकणमाती व अगदीं बेताचें पाणी मिसळून ती लांकडी नमुन्याभोंवतीं ठोकून बसवितात व नंतर नमुना काढून घेतात. बीड थंड होतांना दर फुटास सुमारें एक अष्टमांश इंच आकसतें, म्हणून नमुना तितकाच मोठा करावा लागतो. वाळूंत ओल अधिक झाली तर बिडांत फुगे राहतात; रस पुरेसा तापलेला नसला तर फाळाच्या पातळ धारेपर्यंत तो पोंचत नाहीं, किंवा दोन बाजूंनीं आलेले प्रवाह एकजीव न होतां मध्यें सुरकुती राहते. अशी सुरकुती म्हणजे पुढें मोडण्याची जागा.

थंडाव्याचें मर्म :— आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. रस सावकाश थंड झाला म्हणजे त्यांतील कर्बास वेगळें होण्यास सवड मिळते व तो काळ्या शिशाच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपानें बिडांत पसरतो. असें बीड मोडून पाहिल्यास करडें दिसतें; तें कानसीनें घासतां येतें, पण लवकर झिजतें. उलट रस झटकन थंड झाला तर कर्बास वेगळें होतां येत नाहीं. तो लोखंडाशींच जखडून राहतो. मोडलेला भाग तेव्हां पांढरा शुभ्र दिसतो. त्यावर कानस चालत नाहीं, परंतु तो कांचेसारखा ठिसूळ असतो.

फाळास ह्या दोन्ही गुणांची गरज आहे. धारेखालीं पांढरें बीड व पाठीशीं करडें. तें साधण्याकरितां वाळूच्या साच्यांत जेथें फाळाची खालची बाजू येणार तेथें लोखंडाचा जाड ठोकळा बसवितात. कारखान्यांतील लोक त्यास चिल म्हणतात. रसाची उष्णता हा ठोकळा झपाट्यानें ओढून घेतो. वाळू ती हळूहळू घेते. ठोकळा गंजलेला किंवा दमट असूं नये, तो किंचित् ऊन करून घेतलेला असावा; नाहीं तर जेथें घट्टपणा हवा तेथेंच फुगे येतात.

कठिण थर किती जाड व्हावा हें रसांतील सिलिकन ह्या द्रव्याच्या प्रमाणावरही अवलंबून असतें. सिलिकन वाढलें कीं थर पातळ होतो, कमी झालें कीं जाड होतो. थर फार पातळ असल्यास फाळ लवकर संपतो, आणि फार जाड असल्यास आरपार ठिसूळ होऊन मोडतो. म्हणून काळजी घेणारा ओतारी फाळ ओतण्यापूर्वीं त्याच रसाची लहान पाचर ओतून, ती थंड करून मोडतो, व पातळ टोंकापासून पांढरा भाग कोठवर गेला हें मोजून मग साचे भरतो. हा एवढासा श्रम ज्या कारखान्यांत टाळला जातो, तेथील फाळ कधीं चांगला व कधीं वाईट निघतो.

ओतल्यानंतरही घाई उपयोगाची नाहीं. फाळ लाल असतांनाच साच्यांतून बाहेर काढिला तर पातळ भाग आधीं आकसतो, जाड मागाहून. दोहोंच्या ओढाताणीनें आंतल्या आंत चीर जाते व ती शेतांत प्रकट होते.

शेतकऱ्यानें काय पाहावें :— आज ट्रॅक्टरच्या नांगरांस बहुतेक पोलादी फाळ येतात व बैलांच्या नांगरांसही ते मिळतात. त्यांचा गुण पाणी देण्यावर असतो. म्हणून प्रथम फाळ बिडाचा कीं पोलादाचा हें ओळखावें. सहाणेच्या फिरत्या चाकावर किंचित् धरला असतां पोलादाच्या ठिणग्या लांब, तेजस्वी व फुलणाऱ्या निघतात. बिडाच्या आंखूड व तांबूस असतात.

बिडाचा फाळ घेतांना तो टांगून हलकेंच ठोकावा. चीर असेल तर आवाज बद्द येतो. खालच्या बाजूवर कानस फिरवून पाहावी. ती घसरली पाहिजे, आणि वरच्या बाजूस लागली पाहिजे. दोन्हीकडे लागत असेल तर थंडाव्याचें काम झालेलेंच नाहीं. दोन्हीकडे घसरत असेल तर फाळ आरपार ठिसूळ आहे. धारेजवळ फुग्यांचीं भोंकें किंवा सुरकुती दिसल्यास तो परत करावा. आपल्याकडील झिजलेला फाळ मोडून पाहिल्यास खालीं पांढरा व वर करडा असे दोन थर स्पष्ट दिसतात. पुढील खरेदीस ह्याहून उत्तम शिक्षक नाहीं.

बिडाचा फाळ लोहाराकडे शेवटावयास मुळींच देऊं नये. भात्याच्या आंचेनें कठिण थराचा गुण जातो व घणाखालीं फाळ फुटतो. धार लावावयाची झाल्यास ती चाकावर, आणि वरच्या मऊ बाजूनेंच लावावी. खालची बाजू घासणें म्हणजे ज्या थरासाठीं पैसे दिले तोच उडविणें होय. पोलादी फाळाचें ह्याच्या उलट आहे. तो शेवटतां येतो, पण पांढरा होऊन ठिणग्या उडेपर्यंत तापवूं नये, आणि घडविल्यावर त्यास पुन्हां पाणी दिल्यावांचून लोहाराकडून उचलूं नये. मिठाच्या पाण्यांत थंडावा अधिक झपाट्यानें होतो, तेलांत सावकाश. कोणत्या पोलादास काय मानवतें हें तो फाळ करणाऱ्या कारखान्याकडून विचारून घ्यावें.

जमिनीचाही विचार करावा. जेथें दगडगोटे नाहींत पण रेताड माती लोखंड खाते, तेथें थंड केलेल्या बिडाचा फाळ फार काळ चालतो. मुरमाड, दगडाळ किंवा झाडांचीं मुळें असलेल्या रानांत पोलादी फाळच घ्यावा. कारण कठिणपणा झिजेस पुरतो, धक्क्यास पुरत नाहीं.

शेवटीं एक सूचना. एकट्या शेतकऱ्यानें एक फाळ मोडून पाहणें परवडत नाहीं; परंतु गांवच्या सोसायटीनें दहा-वीस जणांचे फाळ एकत्र मागवितांना एक जादा मागवून तो सर्वांसमक्ष मोडून पाहिल्यास खर्च प्रत्येकाच्या वांट्यास फार थोडा येईल. तुटलेल्या तोंडावर पांढरा थर योग्य जाडीचा दिसला तर माल घ्यावा, नाहीं तर परत पाठवावा. कोल्हापुराच्या आसपास ओतकामाचे कारखाने पुष्कळ आहेत. गिऱ्हाईक पारखून घेऊं लागलें म्हणजे ओतारीही पाचर ओतून पाहिल्यावांचून साचे भरणार नाहीं.