परसातले रान

माळव्याच्या पठारावर फाल्गुन उतरू लागला की सरदारपूरच्या आसपासचा गहू पिवळा पडतो, हरभरा खळ्यावर येतो, आणि ज्या महीचा उगम याच तालुक्यात विंध्याच्या कुशीत होतो, तिचा प्रवाह दिवसेंदिवस रोडावत जातो. याच दिवसांत घरोघरी परसू साफ करण्याचे काम निघते. वाळलेले गवत उपटावे, पालापाचोळा लोटून त्याचा ढीग करावा आणि सांजवेळी त्याला काडी लावावी, अशी रीतच पडून गेली आहे. परसू त्यामुळे स्वच्छ दिसते यात शंका नाही. परंतु आपल्या परसात पाखरांनी आणि फुलपाखरांनी नांदावे अशी ज्यांना हौस आहे, त्यांनी ती काडी न लावणे हेच त्यांचे पहिले काम होय.

बागकामावरील विलायती पुस्तकांत वसंत हा पेरणीचा आणि लागवडीचा ऋतू मानलेला असतो. तिकडे बर्फ वितळून जमीन ओली झालेली असते. माळव्याची गोष्ट उलट आहे. येथे पाऊस आश्विनापूर्वीच सरलेला असतो, पुढचा पाऊस ज्येष्ठ-आषाढाखेरीज यायचा नाही, आणि मधल्या काळात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा वेळी नवी रोपे लावणे म्हणजे त्यांना रोज घागरीने जगवण्याचा वसा घेणे. तेव्हा या वसंतात लावायचे थोडे आणि राखायचे पुष्कळ.

पालापाचोळा राखला की त्याखालची माती उशिरा वाळते. त्यात किडे-कोळी आसरा धरतात, आणि त्यांच्या मागोमाग सातभाईंची टोळी पाने उलथीत येते. फाल्गुन-चैत्र हे बऱ्याच पाखरांच्या विणीचेही दिवस. शिंजीर आपले लोंबते घरटे कोळ्याच्या जाळ्याने बांधून घेतो. शिंपी रुंद पाने कोळ्याच्या आणि कापसाच्या धाग्यांनी शिवतो. जळमटे झाडून टाकणारी गृहिणी नकळत या दोघांचे बांधकामाचे सामानच केरात टाकीत असते. घराच्या आत तिचे राज्य असावे हे खरे, पण कुंपणावरची जाळी तिने सोडून द्यावीत.

अळ्यांविषयीही असाच गैरसमज आहे. लिंबाच्या किंवा कढीलिंबाच्या पानावर पाखराच्या विष्ठेचा ठिपका दिसावा असे काही आढळते; पुढे तेच हिरवे होऊन पाने कुरतडू लागते, आणि माणूस औषधाची पिचकारी शोधू लागतो. वास्तविक ती लिंबाच्या फुलपाखराची अळी असते. धडधाकट झाडाला चार फांद्यांची पाने गेल्याने सहसा काही होत नाही. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा आपल्या पिलांना आरंभी किडे-अळ्याच भरविते. औषध मारलेल्या परसात तिला दाणा मिळेल, पिलांचा घास मिळणार नाही.

पाण्याचे भांडे ठेवण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे, मात्र ते बहुधा खोल आणि गुळगुळीत असते. मातीचे पसरट परळ घ्यावे, पाणी दोन बोटांहून खोल नसावे, मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा. जागा सावलीची, पण मांजराला दडून बसता येणार नाही इतकी मोकळी असावी. पाणी एकाआड एक दिवस बदलले म्हणजे डासांची पैदास होण्याचे भय उरत नाही.

सरदारपूरला या विषयाचे एक वेगळे महत्त्व आहे. तणमोर, ज्याला माळव्यात खरमोर म्हणतात, तो पावसाळ्यात येथील गवताळ माळांवर विणीसाठी येतो. काळा-पांढरा नर गवताच्या वर दिवसातून शेकडो वेळा उड्या मारून मादीला आपला ठाव सांगतो. डॉ. सालिम अली यांच्या आग्रहामुळे 1983 साली येथे त्याच्यासाठी अभयारण्य झाले. क्षेत्र सुमारे 348 चौरस किलोमीटर. त्यात बराच मोठा भाग शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीचा होता. त्या जमिनींच्या खरेदी-विक्रीवर बंधने आली. मुलीच्या लग्नासाठी वा कर्ज फेडण्यासाठी ज्याला तुकडा विकायचा होता, त्याला ते पाखरू वैरी वाटू लागले. गावे अभयारण्यातून वगळावीत अशी मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. इकडे माळ नांगराखाली जात राहिले, आणि 2021 साली या पक्ष्याची गणना जगातील अतिसंकटग्रस्त जातींत झाली. माहिती देणाऱ्या आणि घरटे राखणाऱ्या शेतकऱ्याला रोख बक्षीस देण्याचा वनखात्याचा उपाय त्या मानाने शहाणपणाचा होता, कारण त्यात पाखराचे असणे शेतकऱ्याच्या पदरात काही टाकीत होते.

खरमोर परसात यायचा नाही हे उघडच आहे. त्याला मोकळा, विरळ झाडीचा माळ लागतो. भिंती आणि दाट झाडी त्याला वर्ज्य. म्हणूनच पडीक समजून गवताळ माळावर झाडे लावणे हे कितीही पुण्याचे वाटले तरी त्याच्या मुळावर येते. झाडे परसात लावावीत, माळावर नव्हे. शेताच्या बांधावरचे गवत मात्र विणीचा हंगाम संपेपर्यंत ज्याला ठेवता येईल त्याने जरूर ठेवावे.

परसात काय लावायचे ते वसंतातच पाहून ठेवावे. कोणत्या झाडाला आज फूल आहे आणि त्यावर कोण येते, हे याच महिन्यात कळते. पळसावर आणि काटेसावरीवर साळुंक्या, बुलबुल, शिंजीर यांची झुंबड असते. चैत्रात कडुनिंब मोहरतो, आणि त्याची पिकली निंबोळी पुढे कोकिळेला व बुलबुलाला पोसते. कुंपणाला अडुळसा, मेंदी, करवंद हे उत्तम. घाणेरीवर फुलपाखरे येतात खरी, परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी आणलेल्या या झुडपाने देशभरची राने गिळली आहेत. तिला थारा देऊ नये. गाजरगवत, जे 1950च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेले, ते फुलण्यापूर्वी हात झाकून उपटावे. रुई मात्र कोपऱ्यात उगवली तर उगवू द्यावी. तिच्यावर एका तांबूस फुलपाखराची वीण होते.

निवडलेल्या झाडांसाठी खड्डे वैशाखात खणून उन्हात तापू द्यावेत, आणि राखलेला पालापाचोळा शेणखताबरोबर त्यांतच भरावा. रोप मात्र मृगाचा पहिला चांगला पाऊस जिरल्यावर, ढगाळ दिवस पाहून लावावे.