लहान जागेचे शब्द

घर लहान असले की त्याला शब्द पुष्कळ लागतात. प्रशस्त वाड्याचे वर्णन एका 'ऐसपैस' या शब्दात आटोपते. परंतु दहा बाय आठच्या खोलीला कोणी 'आटोपशीर' म्हणतो, कोणी 'अडचणीची', तर कोणी सरळ 'खुराडे' म्हणून मोकळा होतो. खोली तीच असते. बोलणारा तेवढा बदललेला असतो. इंग्रजीत अशा शब्दांचा संसार मोठा आहे, आणि दिल्लीच्या करोल बागेत मराठी तरुणांना त्याची ओळख दरवर्षी नव्याने करून घ्यावी लागते.

१९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांमुळे करोल बाग गजबजली. नोकरीनिमित्त दिल्लीस आलेल्या मराठी कुटुंबांनीही येथे बिऱ्हाडे थाटली. पुढे शेजारच्या जुन्या राजेंद्र नगरासह हा सारा परिसर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षांच्या तयारीचे ठाणे बनला. लातूर, नांदेड, अकोला, सांगली अशा ठिकाणांहून विद्यार्थी येथे येतात. खोली पाहण्यापूर्वी त्यांच्या कानी पडते ते तिचे इंग्रजी वर्णन.

या वर्णनातील विशेषणांचे दोन गट पडतात. पहिला गट खोली देणाऱ्याचा. 'कोझी' आणि 'स्नग' हे उबेचे शब्द आहेत. थंड मुलखात लहान खोली लवकर तापते, शेकोटीभोवती सर्वांना बसता येते. म्हणून तेथे लहान आकाराला सुखाचा अर्थ चिकटला. दिल्लीच्या जानेवारीत तो काहीसा खराही ठरेल. मे-जून महिन्यांत मात्र तीच ऊब सोसवत नाही. 'कॉम्पॅक्ट' हा मांडणीचा शब्द आहे. सर्व काही हाताशी आहे, एवढीच त्याची ग्वाही; हात पसरता येतील की नाही, याविषयी तो मौन पाळतो.

दुसरा गट खोलीत राहणाऱ्याचा. 'क्रॅम्प्ड' या शब्दाचे नाते पायात येणाऱ्या पेटक्याशी आहे. अंग आखडून राहावे लागते, हा त्याचा भाव. 'पोकी' म्हणजे लहान तर खरीच, शिवाय कळाहीन. 'स्टफी' हा शब्द जागेविषयी नसून हवेविषयी आहे. मराठीत 'क्रॅम्प्ड'साठी पुष्कळदा 'कोंदट' असे लिहिले जाते. वस्तुतः कोंदट म्हणजे 'स्टफी'. खोली मोठी असूनही कोंदट असू शकते, आणि अडचणीची असूनही हवेशीर असू शकते. तक्रार करताना हा भेद उपयोगी पडतो. कारण एकीवर खिडकी हा उपाय आहे, दुसरीवर नाही.

नामांची कथा याहून बोधप्रद आहे. 'गॅरेट' म्हणजे उतरत्या छपराखालची खोली. जुन्या फ्रेंच भाषेतील तिचा मूळ शब्द टेहळणीच्या बुरुजाचा होता. दिल्लीत तिची बहीण म्हणजे 'बरसाती'. उन्हाळ्यात गच्चीवर निजणाऱ्यांना अवचित सर आली तर आडोसा मिळावा, म्हणून बांधलेली ही खोली; पुढे ती भाड्याने जाऊ लागली. 'कबीहोल' या शब्दातील 'कब' म्हणजे गुरांचा लहान गोठा. मराठी माणूस खुराड्याकडे वळतो, तसाच हा प्रकार. 'बॉक्स रूम' ही पेट्या-ट्रंका ठेवण्याची, म्हणजे आपली अडगळीची खोली. ब्रिटनमध्ये कालांतराने तिच्यात माणसे निजू लागली, नाव मात्र पेट्यांचेच राहिले. 'स्टुडिओ' ही चित्रकाराची कार्यशाळा. आज त्याच नावाखाली निजणे, जेवणे आणि वाचणे एकाच खोलीत चालते.

खोलीचे काम बदलते आणि नाव मागे राहते. कधी नाव बदलते आणि खोली होती तशीच राहते. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. २७ जुलै २०२४ रोजी जुन्या राजेंद्र नगरात एका शिकवणी केंद्राच्या तळघरात पावसाचे पाणी घुसून तीन विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. कागदोपत्री ते तळघर साठवणुकीसाठी मंजूर होते. व्यवहारात त्याला 'लायब्ररी' म्हटले जात होते. त्या प्रतिष्ठित शब्दामुळे तेथे उतरताना कोणाला शंका आली नसावी.

म्हणूनच शब्दांच्या जोडीला मोजमाप हवे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरात एकच राहती खोली असेल, तर तिचे क्षेत्रफळ किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट, आणि रुंदी किमान २.४ मीटर, म्हणजे जवळजवळ आठ फूट असावी. इंग्लंडमध्ये २०१८ पासून, परवाना लागणाऱ्या सामायिक भाड्याच्या घरांत, एका प्रौढाच्या झोपण्याच्या खोलीसाठी ६.५१ चौरस मीटर ही किमान मर्यादा आहे. 'कोझी' या शब्दाची जन्मभूमी असलेल्या बेटावरही अखेर फूटपट्टी काढावी लागली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

करोल बागेत खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याने आणि गावाकडून पैसे पाठविणाऱ्या त्याच्या वडिलांनी विशेषणे ऐकून घ्यावीत. मात्र विसार देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. खोलीची लांबी-रुंदी किती? खिडकी उघडते कोठे? बाहेर पडण्याचे मार्ग किती? आणि ही जागा कोणत्या कामासाठी मंजूर आहे? या चार उत्तरांनंतर तिला कोणत्याही भाषेत काहीही म्हटले, तरी फसगत होण्याचे भय फारसे उरत नाही.